ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचा विकासदर

गरीब देश गरीब का राहतात, यावर माझं पोट चालतं. हे वाक्य लिहून मी बराच वेळ बसून राहिलो. खोडावंसं वाटलं, पण ते खरं आहे म्हणून ठेवलं. विकसनशील देशांमधला पतपुरवठा आणि आर्थिक वाढ हा माझा संशोधनाचा विषय. बँका वाढल्या की देश वाढतो, की देश वाढला की बँका वाढतात, या वादात मी दोन्ही बाजूंनी निबंध लिहिले आहेत आणि दोन्ही छापून आले आहेत. ज्या देशांबद्दल लिहिलं त्यांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. माझं मात्र बरं झालं. चंदीगडच्या एका शांत सेक्टरात संस्थेचं क्वार्टर, दारात बहावा, गाडी लावायला सावली. दर हिवाळ्यात दारिद्र्यावरच्या एखाद्या परिषदेला जातो आणि तिथल्या जेवणाबद्दल घरी येऊन तक्रार करतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या धंद्यात नवी रीत आली आहे. पूर्वी आम्ही देशांची तुलना करायचो, आता बायकांची करतो. रीत अशी, की साधारण सारख्या परिस्थितीतल्या कष्टकरी बायका शोधायच्या, त्यांची नावं संगणकात घालायची आणि संगणकाला निम्मी नावं डोळे मिटून उचलायला सांगायची. त्या निम्म्या बायकांना छोटं कर्ज द्यायचं. उरलेल्यांना काही द्यायचं नाही, फक्त अधूनमधून जाऊन कसं चाललंय ते विचारायचं. दोन वर्षांनी दोन्ही गटांची कमाई ताडून बघायची. जो फरक निघेल तो कर्जाचा गुण. काही न मिळणाऱ्या गटाला आम्ही कंट्रोल ग्रुप म्हणतो. अभ्यास संपला की तुम्हालाही कर्ज मिळेल, असं आश्वासन त्यांना दिलेलं असतं. तोवर त्यांनी आहे तसं राहायचं. आमची सगळी मदार त्यांच्या आहे तसं राहण्यावर.

आमच्या संस्थेने असा एक लहानसा अभ्यास शहराच्या कडेच्या मनीमाजऱ्यात सुरू केला. चंदीगडच्या आखीव सेक्टरांत गरिबी दिसत नाही असं नाही, पण इथे ती कामावर आलेली असते. तिला घरी गाठायचं तर मनीमाजऱ्याला जावं लागतं. आमच्याकडची तरुण मुलं टॅबलेट घेऊन तिथल्या गल्ल्यांतून फिरायची आणि मी वातानुकूलित खोलीत बसून त्यांनी पाठवलेले आकडे बघायचो. अभ्यासाचा प्रमुख मीच होतो.

आता टेलरबाईंबद्दल सांगतो. चंदीगडला बदलून आलेल्या मराठी बायकांची एक अडचण असते. इथले शिंपी सलवार-सूट असे शिवतात की बघत राहावं, पण साडीवरचा ब्लाउज दिला की त्यांचा हात अडखळतो. बाह्या चढतात, पाठ फुगते. माझ्या बायकोने बरीच कापडं वाया घालवल्यावर मनीमाजऱ्यातल्या एका बाईंना स्वतःचा जुना ब्लाउज उसवून दिला आणि म्हणाली, हे बघून शिवा. त्यांनी शिवला. मग त्या आमच्या मराठी मंडळींच्या ठरलेल्या टेलरबाई झाल्या. लष्करातल्या, हवाई दलातल्या, बँकेतल्या, सगळ्यांच्या बायका त्यांच्याकडेच जातात. माझी बायको त्यांना ‘ती’ म्हणते आणि हक्काने भांडते. मी ‘त्या’ म्हणतो आणि गाडीतून उतरत नाही.

एका संध्याकाळी बायको त्यांच्याकडून आली ती चिडूनच.

“अहो, तुमच्या ऑफिसच्या पोरांनी तिला नाही म्हणून सांगितलं?”

“कुणाला?”

“टेलरला. कर्ज देतो म्हणून दोन-दोन तास घरी बसून प्रश्न विचारले, घरात पंखे किती, शेवटचं मटण कधी खाल्लं, आणि मग सांगितलं, तुमचा नंबर नाही.”

मी म्हणालो, “नाही म्हटलेलं नाही. त्या कंट्रोल ग्रुपमध्ये असतील.”

“म्हणजे नाहीच ना?”

“आत्ता नाही. दोन वर्षांनी.”

बायकोने पिशवी सोफ्यावर टाकली आणि सगळं सांगितलं. शेजारच्या पंचकुल्याच्या एका बुटीकवाल्या बाईने टेलरबाईंना कुर्त्यांचं काम देऊ केलं होतं, कायमचं, दर आठवड्याला. अट एकच होती. कापडाच्या कडा पक्क्या करणारं इंटरलॉकचं मशीन स्वतःचं हवं, आणि ते नवरात्राच्या आत, कारण नंतर लग्नाचा हंगाम सुरू होतो. नवरात्रापर्यंत मशीन आलं नाही तर काम दुसऱ्या कुणाला जाणार होतं. म्हणून त्यांनी आमच्या मुलांचे सगळे प्रश्न सहन केले होते. मटणाचासुद्धा.

त्या आठवड्यात बायकोला सोडायला गेलो तेव्हा टेलरबाई स्वतः गाडीपाशी आल्या. गळ्यात टेप, कुर्त्यावर टाचण्या. मला काच खाली करावी लागली.

“सर जी, मेरा नंबर क्यों नहीं आया? कुछ ग़लत बोल दिया मैंने?”

मी समजावून सांगितलं, की तुमची काही चूक नाही, नावं कुणीही निवडलेली नाहीत, संगणकाने आपोआप काढली.

“तो लॉटरी थी?”

“एक तरह से, हाँ।”

“तो पहले बोलते, लॉटरी है। मैंने दो घंटे में एक सूट काट लेना था।”

मी आणखी समजावलं, ही माझी खोड आहे. म्हणालो, ज्यांना कर्ज मिळालं त्यांच्याइतक्याच तुम्हीही आमच्यासाठी महत्त्वाच्या आहात. तुम्ही नसाल तर कर्जाचा फायदा झाला की नाही हे आम्हाला कळणारच नाही.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “मतलब मेरे पास पैसा ना हो, वो आपके काम का है?”

मी काच वर केली नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. बायको पुढे न बसता कापडाची पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसली.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं, की मशीनचे पैसे ती स्वतः देणार. आमच्या व्यवसायात याला भेसळ म्हणतात. कंट्रोल ग्रुपमधल्या बाईला बाहेरून कुठून पैसे मिळाले, तर तिची कमाई वाढेल, मग दोन गटांतला फरक कमी दिसेल आणि कर्जाचा काही उपयोग होत नाही असा निष्कर्ष निघेल. आणि ते पैसे अभ्यासाच्या प्रमुखाच्याच घरातून गेले तर निष्कर्षाचं सोडा, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आमचा नमुना तर इतका लहान, की एका बाईने उडी मारली तरी सरासरी हलायची. हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती ऐकत होती, की भात संपवत होती, कळलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते आमच्याच जमातीचा माणूस करू जाणे. परदेशातल्या सहसंशोधकांना मी ईमेल पाठवली. समजा, संशोधकाच्या कुटुंबातील एखाद्या सदस्याचे कंट्रोल ग्रुपमधील व्यक्तीशी शिवणकामाचे संबंध असतील, तर काय करावे? दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर आलं. प्रश्न अत्यंत रोचक आहे, असे संबंध शक्य तितके कमी करावेत आणि झालेल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी. मी तो मजकूर दोनदा वाचला आणि स्वयंपाकघरात गेलो.

“ऐक ना. अभ्यास संपेपर्यंत ब्लाउज दुसरीकडे शिवता येतील का?”

बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. “का?”

“त्यांच्याशी आपले संबंध असणं योग्य नाही.”

“संबंध? मी माप देते तिला.”

“तेच. आपण काम देतो, म्हणजे आपण त्यांच्या उत्पन्नात ढवळाढवळ करतो.”

“म्हणजे कर्ज तर द्यायचं नाहीच, वर आहे ते कामही काढून घ्यायचं?”

“फक्त दोन वर्षं,” मी म्हणालो.

आमची मुलगी फ्रिजपाशी उभी राहून दूध पीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. “बाबा, आप सुन भी रहे हो आप क्या बोल रहे हो?”

ऐकत होतो. वाक्यरचना निर्दोष होती.

त्याच महिन्यात आमच्या घरी भिशी होती. इथल्या मराठी बायकांची ही जुनी भिशी आहे. बायका बदलतात, भिशी चालू राहते. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिने सगळी रक्कम घ्यायची. त्या महिन्यात नाव आलं माझ्या बायकोचं. मी आतल्या खोलीत जागतिक वित्तीय समावेशनावरचा, म्हणजे गरिबांना बँकेत कसं आणावं यावरचा, एक अहवाल तपासत बसलो होतो, आणि दार नीट लागत नसल्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

बायको म्हणाली, “माझा नंबर मी टेलरला देते. तिला भिशीत घेऊ या. आज रक्कम ती उचलेल, दर महिन्याला आपल्यासारखी भरेल.”

कुणाचा तरी चमचा बशीत आपटला.

“आपल्या भिशीत? टेलर?” या हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी, त्यांचा आवाज मी कुठेही ओळखतो. “मग पोहे खायलाही येणार का दर महिन्याला?”

“आली तर काय झालं?”

“काही नाही गं, पण मोकळेपणाने बोलता येत नाही.”

बँकेतल्या साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, “बोलायचं सोड. रक्कम घेऊन गेली आणि भरलीच नाही तर? आमच्याकडे हे म्हणतात, जामीन असल्याशिवाय सख्ख्या भावालाही देऊ नये.”

“पळून ती जाईल की आपण?” माझी बायको म्हणाली. “गेल्या वर्षी त्या जोधपूरला बदलून गेल्या, त्यांचे हप्ते आले का अजून? त्या तर कर्नलच्या बायको होत्या. हिचं दुकान तिथेच आहे, आपले सगळ्यांचे ब्लाउज तिच्याकडे अडकलेत.”

थोडी हसाहस झाली, पण बायकोचं पारडं हलकंच होतं. हवाई दलवाल्या वहिनी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाल्या आणि बाकीच्यांनी मान डोलावली. पुढची वेळ नवरात्रानंतरची होती. मी गप्प बसलो असतो तर विषय तिथेच संपला असता. माझा अभ्यास वाचला असता आणि टेलरबाईंचं मशीन गेलं असतं.

पण प्रामाणिकपणाचा झटका मला नेहमी नको तेव्हा येतो. वाटलं, या बायकांचा निर्णय योग्य आहे, पण कारण चुकीचं आहे. त्यांना खरं कारण कळायला हवं. मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो.

“माफ करा, मला थोडं बोलायचंय.”

“बोला ना भावोजी,” हवाई दलवाल्या वहिनी सरसावून बसल्या. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूने आलो.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. विकसनशील देश, पतपुरवठा, संगणकाची निवड, दोन गट. त्या गरीब म्हणून किंवा टेलर म्हणून त्यांना नाकारू नका, असंही म्हणालो. तो अन्याय होईल. शास्त्रीय कारणासाठी नाकारा. आज त्यांना भिशीचे पैसे मिळाले, तर उद्या त्या आमच्या कर्जाशिवायच वर आल्या असं दिसेल, आणि मग कर्जामुळे माणूस वर येतो हे सिद्धच करता येणार नाही.

दोघी-तिघींनी चहाचे कप खाली ठेवले. मला वाटलं, पटलं.

“अहो, पण ती वर येईल ना?” बँकवाल्या वहिनींनी विचारलं.

“येतील. तीच अडचण आहे.”

“म्हणजे तुमचा अभ्यास पास व्हायला ती दोन वर्षं खाली राहायला हवी?”

“तसं नाही, वहिनी.”

“मग कसं?”

मी आणखी समजावलं. भेसळ हा शब्द वापरला. माझी बायको खाली बघत होती. आधी मला वाटलं तिला रडू येतंय, मग खांदे हलताना दिसले आणि कळलं की हसते आहे.

हवाई दलवाल्या वहिनींनी बशी टीपॉयवर ठेवली. “भावोजी, आमचे हे रडारवर काम करतात, पण घरात असं बोलत नाहीत हो.” मग बायकोकडे वळून म्हणाल्या, “घे गं तिला भिशीत. आत्ताच फोन लाव. बघू या काय भेसळ होते ती.”

“जामीन?” मी बँकवाल्या वहिनींकडे आशेने बघितलं.

“तुम्हीच की,” त्या म्हणाल्या. “एवढे पोटतिडकीने बोललात. पोहे घ्या.”

मशीन आलं, नवरात्राच्या आधी. बायकोने फोटो दाखवला. मशीनला हार घातलेला, टेलरबाई शेजारी उभ्या, फोटो काढायचा म्हणून गंभीर चेहरा केलेला. पंचकुल्याचं काम सुरू झालं. भिशीला त्या आल्या नाहीत, वेळच नव्हता. पण त्यांचा हप्ता सगळ्यांच्या आधी यायचा आणि बँकवाल्या वहिनी तो उगाचच मला दाखवायच्या.

मला आनंद झाला का? झाला. पण आमच्या मुलांनी पुढच्या फेरीत आणलेले आकडे मी तीन-तीनदा तपासून बघितले, हेही खरं. कंट्रोल ग्रुपमधली एक बाई इतकी पुढे गेली होती, की तिच्यामुळे दोन गटांमधला फरक जवळजवळ पुसला गेला होता. सगळी सरासरी एकट्या इंटरलॉक मशीनने उसवून टाकली होती.

आमच्या संचालकांनी बैठक घेतली. दिलखुलास पंजाबी माणूस. ते पडद्यावरच्या एका ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाले, “यार, ये मोहतरमा कौन है? सब की ऐसी तैसी कर दी इसने।” खोलीत हशा झाला. त्यांना ती नोंद काढून टाकायची होती, पण काहीतरी कारण हवं होतं. नुसतं ‘फारच पुढे गेली’ असं लिहिता येत नाही.

मी उठून उभा राहिलो. रात्रभर तयारी केली होती. बायको, ब्लाउज, भिशी, माझं भाषण, सगळं सांगितलं. प्रमुखपद काढून घेतील अशी भीती होती, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही होती.

संचालकांचा चेहरा खुलला. “बहुत बढ़िया! तो कारण मिल गया ना। मिलावट हुई है, ये एंट्री निकाल दो। भाभीजी को थैंक्यू बोलना।”

एवढंच. माझा कबुलीजबाब तळटीप झाला. तळटीप मीच लिहिली. ती बाई काढून टाकल्यावर फरक पुन्हा दिसू लागला, कर्जाने कमाई वाढते हे सिद्ध झालं, पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरचा निबंध स्वीकारला गेला. कुणाच्या तरी मदतीने कमाई वाढलेली एक बाई आमच्या हातात होती. कमाई मदतीने कशी वाढते, हे सांगण्यासाठी आम्ही तिला बाहेर काढलं.

मग मला नियमावलीतली एक ओळ आठवली. अभ्यास संपल्यावर मिळणारं कर्ज फक्त शेवटपर्यंत अभ्यासात राहिलेल्यांना. टेलरबाईंचं नाव वगळलं, म्हणजे ते आश्वासनही गेलं. संचालकांना विचारलं तर ते म्हणाले, पैसे देणाऱ्या संस्थेचा नियम आहे, आपण काय करणार? हे निदान स्वतः जाऊन सांगावं म्हणून मी मनीमाजऱ्याला गेलो. यावेळी गाडीतून उतरलो.

दुकानात कुर्त्यांचे ढीग होते. एक मुलगी काजं करत होती, टेलरबाई मशीनवर होत्या. मी सांगितलं, की आता तुम्ही आमच्या अभ्यासात नाही.

“मतलब वो लड़के सवाल पूछने नहीं आएँगे?” त्यांनी पाय थांबवला. “पक्का?”

“पक्का.”

“शुक्र है।”

मग मी उरलेलं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. ते पैसे त्यांनी धरून ठेवले होते. शेजारचा गाळा रिकामा होणार होता, तो घ्यायचा, दोन मुली ठेवायच्या.

“मैंने क्या बिगाड़ा जी? मशीन ले ली, ये ग़लती है?”

“नहीं।”

“तो?”

पहिल्यांदाच मी समजावून सांगायला सुरुवात केली नाही. एवढंच म्हणालो, की बँकेतून कर्ज काढायचं असेल तर मी जामीन राहतो, ओळखीचे साहेब आहेत, बोलतो.

“आप रहने दो सर जी,” त्या मशीनकडे वळल्या. “आप किसी से बात मत करो। मैं मैडम से बोल दूँगी, भिशी में मेरा दूसरा नाम भी डाल लें।”

पुढच्या महिन्यापासून भिशीत त्यांची दोन नावं आहेत. गाळ्याची चिठ्ठी अजून लागलेली नाही. दर वेळी नाव निघायच्या आधी मी आतल्या खोलीत काम बाजूला ठेवून कान देऊन बसतो. गेल्या खेपेला नाव निघालं हवाई दलवाल्या वहिनींचं, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी बाहेर जाऊन बोलायला उठलो. बायकोने बाहेरूनच ओळखलं असावं. तिने येऊन दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.